नांव विणलेला स्वेटर

बहुतेक श्रोत्यांच्या घरीं रोज वापरांत असलेला, आणि तरीहि ज्याच्या कुळाची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं, असा एक शब्द म्हणजे ‘गंजिफ्राक’. अंगाशीं घालावयाच्या सुती बनियनाला मराठी माणूस हें नांव बिनदिक्कत देत आला. पण या शब्दाचें माहेर फार दूर, इंग्लिश खाडींत, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ आहे. तेथें गर्न्सी नांवाचें एक लहानसें बेट आहे. त्या बेटावर व शेजारच्या जर्सी बेटावर लोकरीचें विणकाम सोळाव्या शतकांतच भरभराटीस आलेलें होतें. जर्सीच्या नांवावरून स्वेटराला ‘जर्सी’ म्हणूं लागले, आणि गर्न्सीच्या नांवानें दर्यावर्दी लोकांचा घट्ट विणीचा लोकरी अंगरखा ओळखला जाऊं लागला. त्या ‘गर्न्सी फ्रॉक’चा आपल्याकडे येऊन गंजिफ्राक झाला. लोकर गेली, बाह्या गेल्या, नांव तेवढें राहिलें.

ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्यावर मूळच्या अंगरख्याला ‘गॅन्सी’ म्हणतात. नैऋत्येकडील कॉर्नवॉल परगण्यांत त्याला ‘निट-फ्रॉक’, म्हणजे विणलेला झगा, असें नांव होतें. लोकरीच्या विणकामांत जीं कामें कठिण म्हणून गणलीं जातात, त्यांत गॅन्सीची गणना होते. त्याची कठिणता नक्षींत असावी, अशी प्रथमदर्शनीं समजूत होते. वस्तुतः सुलट व उलट हे दोन टाके आणि मधून मधून घातलेला एकादा पीळ यांपलीकडे त्या नक्षींत फारसें कांहीं नाहीं. कठिण आहे तें निराळेंच. हजारों टाक्यांचें एक वस्त्र एकाच माणसाच्या अंगाला, त्याच्या कामाला आणि त्याच्या रोजच्या झिजेला बरोबर बसवावयाचें, हें खरें अवघड काम. सर्वांचा म्हणून चालत आलेला नमुना एकाचा कसा करावा, याचा धडा या साध्या दिसणाऱ्या वस्त्रांत सांपडतो.

ज्याच्यासाठीं हें वस्त्र विणलें जाई, त्याचें जीवन प्रथम डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. उत्तर समुद्रावर शिडाच्या होडींतून मासे धरावयास जाणारा हा मनुष्य काळोखांत निघे, ओल्या जाळ्यांचें ओझें हातांनीं ओढी, आणि वारा फिरला तर तो परत येईलच असा भरंवसा नसे. १४ ऑक्टोबर १८८१ रोजीं स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर अकस्मात् वादळ उठलें आणि १८९ मच्छीमार प्राणांस मुकले. त्यांतले १२९ एकट्या आयमाउथ गांवचे होते. कित्येक होड्या तर बंदराच्या तोंडाशीं, कांठावर उभ्या असलेल्या बायकामुलांच्या देखत, खडकांवर फुटल्या. अशा दर्यावर जाणाऱ्या माणसाचें वस्त्र विणणारी स्त्री केवळ वेळ घालविण्यासाठीं विणीत नव्हती.

म्हणूनच गॅन्सीच्या रचनेंत प्रत्येक गोष्टीला कारण आहे. लोकर पांच पदरांची, घट्ट पिळाची व बहुधा गडद निळी. वीण इतकी दाट कीं वाऱ्याला सहजासहजीं वाट मिळूं नये आणि पाण्याचे तुषार वरच्यावर राहावे. धड एकाद्या नळीसारखें गोल गोल विणतात, कारण शिवण हीच वस्त्राची दुबळी जागा. नक्षी मुख्यतः छातीवर व पाठीवर असते. उलट-सुलट टाक्यांनीं वीण जाड होते आणि ऊब जेथें हवी तेथेंच अधिक मिळते. पुढची व मागची बाजू पुष्कळदां अगदीं सारखी ठेवीत, म्हणजे कोपर झिजूं लागले कीं अंगरखा फिरवून घालतां येई. आपल्याकडे पैरणीच्या काखेंत शिंपी जशी चौकोनी कळी बसवितो, तशीच कळी गॅन्सीच्या काखेंत टाके वाढवून व पुढें घटवून विणलेली असते. तिच्यामुळें जाळें ओढण्यास हात वर केला तरी कमरेचा कांठ वर सरकत नाहीं. बाह्या मनगटाच्या किंचित् वरच संपतात, कारण ओला कांठ मनगटाला घांसला तर कातडी सोलून निघते.

बाहीसंबंधीं आणखी एक युक्ति ध्यानांत घेण्यासारखी आहे. गॅन्सीची बाही मनगटापासून वर न विणतां, खांद्याशीं टाके उचलून खालीं मनगटाकडे विणीत नेतात. विणलेलें वस्त्र ज्या टोंकाशीं संपलें त्या टोंकाकडून सुरळीत उसवतें. आरंभाच्या टोंकाकडून तसें उसवत नाहीं. सर्वांत आधीं झिजतो तो बाहीचा कांठ. तो झिजला कीं शेवटचा टाका सोडून हातभर वीण उसवावयाची, नवी लोकर जोडावयाची आणि तेवढाच भाग पुन्हां विणावयाचा. बाकीचें वस्त्र जसेंच्या तसें राहतें. बाहीचा खालचा भाग साधा, नक्षीवांचून ठेवण्याचें कारणहि हेंच. पहिला टाका घालतांनाच पुढें कित्येक वर्षांनीं होणाऱ्या दुरुस्तीचा विचार जेथें केलेला असतो, तेथें कारागिरीला दूरदृष्टीची जोड मिळालेली असते.

साधनेंहि या कामास साजेशींच होतीं. सुया पोलादी, लांब, दोन्ही टोंकांना निमुळत्या, आणि संख्येनें पांच किंवा अधिक. उजव्या हाताची सुई कमरपट्ट्यांत खोंवलेल्या लांकडी खोबणींत रोवलेली असे. सुईचा भार हातावर न पडल्यामुळें बोटें मोकळीं राहत आणि चालतां चालतांहि विणतां येई. उत्तर इंग्लंडांत अशी खोबण तरुण लोक आपल्या भावी वधूसाठीं स्वतः कोरून देत. तिच्यावर नांवाचीं आद्याक्षरें, कोठें हृदयाची आकृति, कोठें तारीख असे. तिनें पुढें संसारांत जें विणावयाचें, तें त्यानें कोरलेल्या लांकडाच्या आधारानें विणावयाचें, असा हा व्यवहार होता.

आतां गणिताकडे वळलें पाहिजे, कारण नमुना एका माणसाचा होतो तो येथें. समजा, ज्याच्यासाठीं विणावयाचें त्याची छाती ४० इंच आहे. हालचालीसाठीं दोन इंच सोडले म्हणजे घेर ४२ इंच झाला. आधीं एक लहानसा तुकडा विणून, धुवून, वाळवून त्यावर पट्टी ठेवावी. एका इंचांत ८ टाके भरले तर ४२ गुणिले ८, म्हणजे ३३६ टाके घालावयाचे. हा तुकडा विणण्याचा पुष्कळांना कंटाळा येतो. पण तो न विणतां काम सुरू केलें, आणि हात थोडा सैल असल्यामुळें इंचांत साडेसातच टाके बसले, तर तेच ३३६ टाके ४४.८ इंच जागा व्यापतील. इंचामागें अर्ध्या टाक्याची चूक, आणि शेवटीं जवळजवळ तीन इंचांचा ढगळपणा! शिवाय तुकडाहि ज्या रीतीनें वस्त्र विणावयाचें त्याच रीतीनें विणलेला हवा. एकच हात सपाट विणतांना व गोल विणतांना सारखा चालेलच असें नाहीं. आणि पिळाची वीण साध्या विणीपेक्षां आंत अधिक ओढली जाते. साध्या विणीवर मोजून पिळाचा अंगरखा विणला तर तो आंखूड निघाला नाहीं तरी अरुंद निघेल.

घेर ठरला, आतां नक्षीची वांटणी. ३३६ पैकीं दोन्ही कुशींवर एकेक उलट टाका सरळ वर नेतात. त्याला खोटी शिवण म्हणावयाचें. राहिले ३३४, पुढें १६७ व मागें १६७. नक्षींत दोरखंडासारखा पीळ आणि शंकरपाळी हीं एकाआड एक यावयाचीं आहेत, असें धरूं या. पिळाला ६ सुलट टाके व दोन्ही अंगांना दोन दोन उलट, मिळून १०, शंकरपाळीला १३. आठ पीळ आणि त्यांच्यामधल्या सात शंकरपाळ्या घेतल्या तर ८० व ९१ मिळून १७१ टाके होतात. जागा तर १६७ टाक्यांचीच आहे. चार टाके अधिक झाले.

नवशिक्या हाताला येथें दोनच मार्ग दिसतात. नक्षी सोडून द्यावी, किंवा पुढें चार व मागें चार टाके वाढवून घेर इंचभर मोठा करावा. जाणती विणणारी नमुन्याकडे पुन्हां एकवार पाहते. अगदीं कडेच्या दोन पिळांच्या बाहेरच्या अंगाचे दोन दोन उलट टाके तिनें गाळले कीं नेमके चार टाके कमी झाले. पीळ उठून दिसण्यास शेजारीं जो खोलगटपणा लागतो, तो तेथें खोट्या शिवणीचा उलट टाका पुरवितोच. घेर बदलला नाहीं, नक्षी मोडली नाहीं, आणि नमुना त्या एका छातीचा झाला.

उभ्या अंगानेंहि हाच विचार करावा लागतो. इंचांत १२ ओळी भरत असतील आणि काखेपासून खांद्यापर्यंत ९ इंच असतील, तर १०८ ओळी झाल्या. १३ टाक्यांची शंकरपाळी दर दोन ओळींनीं दोन्ही अंगांस एकेक टाका वाढत व पुढें घटत गेली म्हणजे २४ ओळींत पुरी होते. अर्थात् १०८ ओळींत साडेचार शंकरपाळ्या बसतात आणि पांचवी खांद्याशीं मधोमध चिरली जाते. उपाय साधा आहे. नक्षीला काखेच्या एक इंच खालींच आरंभ करावा. १२० ओळींत पांच शंकरपाळ्या पुऱ्या होतात. धडाची उंची २४ इंच धरली तर एकट्या धडाचेच टाके ९६ हजारांवर जातात. इतके टाके विणून झाल्यावर खांद्याशीं चूक उमगली म्हणजे जें उसवावें लागतें, त्याची कल्पना ज्यानें एकदां तरी उसवलें आहे त्यालाच यावयाची. किनाऱ्यावरच्या पुष्कळ बायका हा हिशेब कागदाशिवाय करीत. नमुना पुस्तकांत नसे. तो आईच्या हातावरून मुलीच्या डोळ्यांत उतरे, आणि घरांतील प्रत्येक पुरुषाच्या अंगावर नव्यानें मांडला जाई.

नक्षींचीं नांवेंहि त्या जीवनांतूनच आलेलीं आहेत. दोरखंड, शिडी, जाळें, नांगर, माशाचा कांटा आणि नागमोडी रेघ. या नागमोडी रेघेला कित्येक ठिकाणीं ‘लग्नाच्या रेघा’ म्हणतात. संसारांतले चढउतार तीवरून सुचावे, असा त्यांतला विनोद. हे नमुने एका गांवीं स्थिर राहिले नाहींत. हेरिंग माशांचे थवे ऋतुमानाप्रमाणें सरकत, त्यांच्यामागून होड्या जात, आणि होड्यांच्या मागून स्कॉटलंडच्या मुली. उन्हाळ्यांत शेटलंड बेटांतील लर्विक, शरद ऋतूंत थेट इंग्लंडांतील ग्रेट यारमथ, असा त्यांचा प्रवास असे. तिघी तिघींच्या टोळ्या करून दोघींनीं मासे चिरावयाचे व तिसरीनें पिंपांत मिठाबरोबर थर लावावयाचे, अशी कामाची वांटणी होती. सुरी लागूं नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असत. त्याच बोटांनीं त्या फावल्या वेळांत विणीत. आणि एका बंदरावरची वीण दुसऱ्या बंदरावर जाई.

येथें एका सुप्रसिद्ध आख्यायिकेचा विचार करणें अवश्य आहे. प्रत्येक गांवाची वीण ठरलेली असे, आणि बुडालेल्या माणसाचें प्रेत दूरच्या किनाऱ्यास लागलें तर त्याच्या गॅन्सीच्या नक्षीवरून त्याचें गांव ओळखीत, असें पुष्कळ ठिकाणीं सांगतात. कथा मन हेलावून सोडणारी आहे खरी. पण नमुने जर मुलींबरोबर बंदरोबंदरीं फिरत होते, आणि एकाच गांवांत अनेक नमुने विणले जात होते, तर नक्षीवरून गांव सांगणें कठिणच. कॉर्नवॉलमधील पोल्पेरो या लहानशा गांवच्या मच्छीमारांचीं छायाचित्रें लुईस हार्डिंग नांवाच्या गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घेतलेलीं आहेत. त्यांतहि एकाच गांवच्या लोकांच्या अंगावर निरनिराळे नमुने दिसतात.

या आख्यायिकेला बळकटी आली ती एका नाटकामुळें. आयरिश नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग याचें ‘रायडर्स टु द सी’ हें एकांकी नाटक १९०४ सालीं डब्लिन येथें रंगभूमीवर आलें. त्यांत बुडालेल्या भावाची ओळख त्याच्या कपड्यांवरून पटते. परंतु नाटक नीट वाचणाऱ्यास दिसेल कीं तेथें स्वेटर नाहीं आणि गांवाची नक्षीहि नाहीं. तेथें आहे एक साधा पायमोजा. बहीण त्याचे टाके मोजते. आपण घातलेले साठ टाके आणि त्यांतून सुटलेले चार तिला आठवतात, आणि तिला खूण पटते. नाटककाराला जें कळलें होतें तें आख्यायिका सांगणारांच्या हातून निसटलें. ओळख पटविणारी खूण गांवाच्या नमुन्यांत नव्हती. ती एका बहिणीच्या हातच्या हिशेबांत आणि तिच्या चुकींत होती.

खरी, उघड खूण गॅन्सीवर असेच, आणि तिला आख्यायिकेची गरज नाहीं. कमरेच्या कांठाच्या किंचित् वर, साध्या विणींत, उलट टाक्यांनीं मालकाच्या नांवाचीं आद्याक्षरें विणण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं होती. हीं अक्षरें लांबून दिसत नाहींत. निळ्यावर निळीं असल्यामुळें तीं बोटांनाच अधिक कळतात. एका होडींतले सारे अंगरखे सारख्याच रंगाचे. तेव्हां आपला कोणता हें कळावें, एवढाच त्यांचा नित्याचा उपयोग असेल. पण वादळाच्या रात्रीं घरीं राहणारीच्या मनांत त्या अक्षरांचा दुसरा उपयोग कधीं आलाच नसेल, असें कोण म्हणेल?

या विणकामाभोंवतीं केवळ प्रेमाचेंच वलय होतें असें मात्र समजूं नये. घरच्यांसाठीं विणणाऱ्या त्याच बायका कॉर्नवॉलमध्यें व्यापाऱ्यांसाठीं मक्त्यानेंहि विणीत. दिव्याच्या उजेडांत गडद निळे टाके मोजून डोळे शिणत, आणि मजुरी श्रमांच्या मानानें अल्प मिळे. पुढें यंत्रावर विणलेले स्वेटर स्वस्त झाले, मेणकापडाचे व रबराचे पोषाख आले, आणि हातचा गॅन्सी हळूहळू मागें पडला. सुदैवानें कांहीं अभ्यासू स्त्रियांनीं वेळेवर लक्ष घातलें. ग्लॅडिस थॉम्प्सन यांनीं असे नमुने गोळा करून १९५५ सालीं त्यांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. मेरी राइट यांनीं १९७९ सालीं कॉर्नवॉलच्या निट-फ्रॉकांवर पुस्तक लिहिलें. जुन्या छायाचित्रांतील टाके न्याहाळून ज्या विणी पुन्हां सुईवर आणल्या गेल्या, त्यांमागें हार्डिंगसारख्यांच्या छायाचित्रांचें मोठेंच साहाय्य आहे.

मध्यंतरीं विणकामाची दुसरी एक रीत रूढ झाली होती. छापील नमुन्यांत लिहिलेले टाके जसेच्या तसे मोजावयाचे. लोकर निराळी असो, हात निराळा असो, अंग निराळें असो, आंकडे तेच. या परावलंबनाविरुद्ध ज्यांनीं आवाज उठविला, त्यांत एलिझाबेथ झिमरमन यांचें नांव अग्रगण्य आहे. १९१० सालीं इंग्लंडांत जन्मलेल्या आणि पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेल्या या बाईंचें ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हें पुस्तक १९७१ सालीं निघालें. छातीच्या घेराचे टाके शंभर मानावे आणि बाकीचें सर्व त्याच्या शेंकडेवारीनें काढावें, असा त्यांचा सोपा सिद्धांत. मनगटाला सुमारें २०, दंडाला ३३, गळ्याला ४०. वरच्या उदाहरणांतील ३३६ टाक्यांना हें लावलें तर मनगटाला ६७, दंडाला १११ व गळ्याला १३४ टाके येतात. अर्थात् दंड जाड असेल तर १११ चे ११८ करावयाचे. शेंकडेवारी वाट दाखविते, निर्णय मोजपट्टीचा. बाईंनीं हें गणित शब्दांत मांडलें. किनाऱ्यावरच्या अशिक्षित बायका तेंच आपापल्या परीनें हातांनीं करीत होत्या.

महाराष्ट्रांतील थंडीला पांचपदरी गॅन्सीची गरज नाहीं. पण नातवंडासाठीं स्वेटर विणावयास बसलेल्या आजीला त्यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. तुकडा विणून, धुवून, मोजून मगच टाके घालावे. नमुना आवडला म्हणून अंग त्याच्यांत कोंबूं नये. चार टाके कोठें गाळतां येतील हें पाहावें. बाही वरून खालीं विणावी, म्हणजे मूल वाढलें कीं कांठ उसवून दोन बोटें लांबवितां येईल. आणि त्यासाठीं त्याच रंगाचा एक गुंडा पेटींत जपून ठेवावा. शेवटीं कमरेच्या कांठाजवळ, जेथें कोणाची नजर जाणार नाहीं अशा ठिकाणीं, चार उलट टाक्यांनीं त्याच्या नांवाचें पहिलें अक्षर काढावें. मूल तें पाहणार नाहीं. पण पुढें केव्हां तरी, स्वेटर आंखूड झाल्यावर, घडी करतांना कोणाचीं तरी बोटें त्यावरून फिरतील, आणि हें कोणासाठीं विणलें होतें तें त्या बोटांना कळेल.